कोल्हा हे इनारीचं वाहन नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात आई-वडिलांना घेऊन क्योतो, नारा, निक्को आणि तोक्योला जाताय. फोटोंमध्ये देवळांत कोल्हे, हरणं, माकडं दिसतात, झाडांना दोरखंड बांधलेले दिसतात. कोणता प्राणी कोणत्या देवाचं वाहन आणि कशाचं प्रतीक याची एक यादी हवी आहे, म्हणजे आईला समजावून सांगता येईल.

मी पुण्यात जपानी शिकवते, दुभाष्याचं काम करते आणि गेली वीसेक वर्षं आपल्याकडची मंडळी घेऊन जपानला जाते. सुरुवातीला अशी यादी मी स्वतःच करून गटाला द्यायचे. कोल्हा म्हणजे समृद्धी, कासव म्हणजे दीर्घायुष्य, कमळ म्हणजे पावित्र्य. आता देत नाही. यादी हातात असली की माणसं मूर्तीकडे बघतात, कागदाकडे बघतात आणि पुढे चालायला लागतात. जपानातली खूण कळायला ती कुठे उभी आहे, कुणी उभी केली आणि तिच्यापुढे येणारे लोक काय करतात, हे बघावं लागतं. ते कसं बघायचं एवढं सांगते.

आधी ‘वाहन’ या शब्दाबद्दल. शंकरासमोरचा नंदी आणि गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर आपल्या डोक्यात इतके पक्के असतात की दगडी कोल्हा दिसला की त्याच्यावर कोण बसतं ते आपण शोधायला लागतो. जिन्जात, म्हणजे शिंतो देवस्थानात, अशा प्राण्याला ‘त्सुकाइ’ म्हणतात. त्सुकाइ म्हणजे धाडलेला, निरोप्या. बहुतेक जिन्जांत देवाची मूर्ती नसतेच. आत बंद दारांमागे आरसा किंवा तलवार अशी एखादी वस्तू असते आणि ती भाविकांना दाखवत नाहीत. देव असा नजरेआड असतो, म्हणून दारात निरोप्या लागतो. तुम्ही कोल्ह्याला हात जोडत नाही, कोल्ह्याकरवी निरोप धाडता. हे आईंना सांगा, अर्धं काम तिथेच होईल.

आता क्योतोचं फुशिमि इनारि. स्थापना इ. स. ७११ची, देव इनारि, भाताचा. संपत्ती भातातच मोजायचे त्या काळापासूनचा, म्हणून पुढे तोच व्यापार-उद्योगाचाही देव झाला. महाद्वारापाशी दोन्ही बाजूंना कोल्हे बसले आहेत. त्यांच्या तोंडाकडे नीट बघा. एकाने किल्ली धरली आहे, दुसऱ्याने मणी. डोंगर चढत जाल तसे आणखी भेटतील, कुणाच्या तोंडात भाताची लोंबी, कुणाच्या तोंडात गुंडाळलेली पोथी. ती किल्ली धान्याच्या कोठाराची. कोल्हाच का, तर तो भातखाचरांच्या बांधांवर वावरायचा, कोठार फस्त करणारे उंदीर खायचा आणि त्याची शेपटी पिकल्या लोंबीच्या रंगाची, असं सांगतात. गळ्यात लाल लाळेरं असतं, भाविकांनी वाहिलेलं, बऱ्याचदा ऊन-पावसाने विटून गुलाबी झालेलं. पुढ्यात तळलेल्या तोफूचा तुकडा ठेवतात, त्याला आबुराआगे म्हणतात. त्याच्याच पिशवीत भात भरला की इनारिझुशी होते. तुम्ही शाकाहारी असाल तर मात्र विचारून घ्या. ती पिशवी ज्या रसात शिजवतात त्यात बहुधा माशाचा अर्क असतो.

तिथल्या हजारो शेंदरी कमानी म्हणजे तोरी. तोरी आणि आपलं तोरण यांचं नातं लावणारे आहेत, पण अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. मला विचाराल तर तोरीला जवळचा मराठी शब्द ‘वेस’. अलीकडे माणसांचा मुलूख, पलीकडे देवाचा. म्हणून तोरीखालून जाताना किंचित वाकतात आणि वाटेच्या मधोमध न चालता एका कडेने चालतात, कारण मधली वाट देवाची. शेंदरी रंग मूळचा हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचा. त्याने लाकूडही टिकायचं आणि अभद्रही दूर राहतं अशी समजूत होती.

वर चढताना खांब कोरे दिसतात. शंभरेक कमानी झाल्या की थांबा आणि मागे वळून बघा. प्रत्येक खांबावर वरपासून खालपर्यंत काळी अक्षरं आहेत: दुकानाचं, कंपनीचं किंवा माणसाचं नाव, गाव, आणि दुसऱ्या खांबावर महिना-वर्ष. माझ्या गटातले एक निवृत्त शिक्षक तिथे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “म्हणजे आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर नावं कोरतात तसंच हे.” अगदी तसंच. इच्छा ‘पार पडावी’ आणि इच्छा ‘पार पडली’ म्हणून तोरी वाहतात. जपानीत पार पडणं म्हणजे ‘तोओरु’, आणि त्याचा उच्चार तोरीच्या जवळचा. लाकूड जमिनीपाशी कुजतं, जुनी तोरी निघते, तिच्या जागी दुसऱ्या कुणाची उभी राहते. ज्याचे आपण फोटो काढतो तो बोगदा असा सतत थोडा थोडा बदलत असतो.

हा उच्चारांचा खेळ ध्यानात ठेवा, कारण जपानी प्रतीकांतली बरीचशी कानावरून आलेली आहेत. बेडूक म्हणजे ‘काएरु’ आणि परत येणं म्हणजेही ‘काएरु’, म्हणून पाकिटात छोटा बेडूक ठेवतात: गेलेला पैसा परत यावा, प्रवासाला गेलेला माणूस सुखरूप परतावा. घुबड म्हणजे ‘फुकुरो’, आणि ‘कष्ट नाहीत’ या अर्थाची अक्षरं जोडली तरी उच्चार फुकुरोच. त्यामुळे आपल्याकडे जे घुबड अशुभ, ते तिथे भेट म्हणून देतात. दानपेटीत पाच येनचं नाणं टाकतात, कारण ‘गो-एन’ म्हणजे पाच येन आणि ‘गो-एन’ म्हणजेच ऋणानुबंध. आईंना हा शब्द लगेच पटेल.

निक्कोची तीन माकडंही याच कुळातली. आपण त्यांना गांधीजींची माकडं म्हणून ओळखतो. जपानीत ‘मिझारु, किकाझारु, इवाझारु’ म्हणजे न पाहणं, न ऐकणं, न बोलणं. ‘झारु’ हा जुन्या भाषेतला नकार आणि ‘सारु’ म्हणजे माकड. निक्कोचं तोशोगू हे तोकुगावा इएयासू या शोगुनचं, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याचं, देवस्थान, आजच्या बहुतेक इमारती १६३६च्या. त्यातही ही माकडं मुख्य देवळावर नाहीत, तबेल्यावर आहेत. माकड घोड्याचं आजारापासून रक्षण करतं ही जुनी समजूत, म्हणून देवाच्या घोड्याच्या घरावर माकडं कोरली. एकूण आठ चौकटी आहेत आणि त्यांत माकडाचं, म्हणजे माणसाचंच, आयुष्य क्रमाने कोरलं आहे. सगळे दुसऱ्या चौकटीचा फोटो काढून निघून जातात. तुम्ही पहिलीपासून बघा. आई कपाळावर हात धरून दूर बघते आहे, लेकराचा पुढचा काळ बघते आहे, आणि लेकरू तिच्या तोंडाकडे बघतंय. त्यानंतर ती तिघं येतात, म्हणजे बालपण: वाईट बघू नये, ऐकू नये, बोलू नये असं वय. ही चौकट मधूनच उचलली की सुविचार उरतो आणि गोष्ट हरवते. तिथल्याच योमेइमोन दरवाज्याचा एक खांब मुद्दाम उलट्या नक्षीचा ठेवला आहे. काम पुरं झालं की त्याची पडझड सुरू होते, म्हणून ते किंचित अपुरं ठेवायचं.

नाराची हरणं. इथे आपल्याकडचे लोक हमखास चुकतात आणि मीही पहिली काही वर्षं चुकीचं सांगत होते. समोर तोदाइजीचा महाबुद्ध, आजूबाजूला हरणं, म्हणजे हा सारनाथच्या मृगदावाचा संदर्भ असणार असं वाटतं. नाराची हरणं बुद्धाची नाहीत, शेजारच्या कासुगा ताइशा या जिन्जाची आहेत. ७६८ साली स्थापन झालेल्या या देवस्थानाची कथा अशी, की ताकेमिकाझुची हा देव दूर पूर्वेकडच्या काशिमाहून पांढऱ्या हरणावर बसून इथे आला. इथे हरीण वाहन झालं खरं, पण त्या एका प्रवासापुरतं. त्यानंतरची सगळी हरणं देवाची माणसं म्हणून गावात राहिली. आज ती बाराशेहून जास्त आहेत आणि १९५७पासून राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षित आहेत. नरांची शिंगं शरद ऋतूत समारंभाने कापतात, ही प्रथा १६७२पासूनची. हाच ताकेमिकाझुची काशिमात जमिनीखालच्या प्रचंड मागूर माशाला दगडाने दाबून ठेवतो आणि त्याची पकड सैल झाली की भूकंप होतो, अशी समजूत. १८५५च्या एदोच्या (आजच्या तोक्योच्या) भूकंपानंतर या माशाची शेकडो रंगीत चित्रं छापली आणि विकली गेली.

महाबुद्धाशी आपला संबंध वेगळा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ७५२ साली त्या मूर्तीचे डोळे उघडायचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला. त्याच्या हातातल्या कुंचल्याला लांब दोरे बांधले होते आणि जमलेल्यांनी ते धरले होते, म्हणजे बुबुळ रेखण्याच्या पुण्यात सगळ्यांचा वाटा. तोदाइजीच्या दक्षिण दरवाज्यात दोन लाकडी द्वारपाल आहेत, आठ मीटरहून उंच, १२०३ साली उनकेइ, काइकेइ आणि त्यांच्या हाताखालच्या शिल्पकारांनी घडवलेले. एकाचं तोंड उघडं आहे, एकाचं मिटलेलं. जिन्जांच्या दारातल्या सिंहासारख्या कुत्र्यांचंही, कोमाइनूंचंही, तसंच. उघडं तोंड ‘आ’ म्हणतंय, मिटलेलं ‘उन्’. हे संस्कृतातले ‘अ’ आणि ‘हूं’, आरंभ आणि शेवट. एकमेकांना न सांगता कळणाऱ्या दोन माणसांबद्दल जपानी माणूस आजही म्हणतो, त्यांचा ‘आ-उन्’चा श्वास आहे.

तुम्ही विचाराल, बौद्ध देऊळ आणि जिन्जा अशी सरमिसळ का. हजारेक वर्षं ते वेगळे नव्हतेच. १८६८ साली मेइजी सरकारने फर्मान काढून देव आणि बुद्ध वेगळे केले. नारातल्या कोफुकुजी या बौद्ध देवळाचे भिक्षू कासुगाचे पुजारी झाले. ठिकठिकाणी मूर्ती फोडल्या गेल्या, विकल्या गेल्या. आज ‘तोरी दिसली तर जिन्जा, धूप दिसला तर देऊळ’ हा नियम पर्यटकांना सांगतात, तो या वाटणीनंतरचा, आणि सगळीकडे लागूही पडत नाही. ओसाकाच्या शितेन्नोजी या बौद्ध देवळापुढे दगडी तोरी उभी आहे. तोक्योत आकासाकाला तोयोकावा इनारि आहे: ओळीने कोल्हे, पण स्थान झेन पंथाचं, आणि कोल्ह्यावर बसलेली देवी दाकिनितेन म्हणजे भारतातून गेलेली डाकिनी. ‘जपानात वाहन नसतं’ असं मी सरसकट म्हणत नाही ते यामुळे. बौद्ध धर्माबरोबर आपले देव तिकडे गेले तेव्हा काहींची वाहनं बरोबर गेली, काहींना नवे निरोपे मिळाले.

सरस्वतीचं बघा. तिकडे ती बेन्झाइतेन झाली. वीणेच्या जागी बिवा हे जपानी तंतुवाद्य आलं, पाण्याशी असलेलं नातं टिकलं (तिची स्थानं बेटांवर आणि तळ्याकाठी असतात), आणि हंस-मोराऐवजी पांढरा साप तिचा निरोप्या झाला. नावातल्या ‘झाइ’चं अक्षर विद्येचं होतं, तिथे त्याच उच्चाराचं संपत्तीचं अक्षर आलं आणि सरस्वतीकडे लक्ष्मीचंही खातं आलं. कामाकुरात तिच्या गुहेतल्या झऱ्याच्या पाण्यात लोक नोटा धुतात.

आणि गणपती. तिकडे तो कांगितेन, बरेचदा आलिंगन देणाऱ्या हत्तीमुखी जोडीच्या रूपात, आणि जवळजवळ सगळीकडे झाकलेला. तोक्योत आसाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन म्हणून टेकडीवजा ठिकाण आहे, तिथे आई-वडिलांना नक्की न्या. मूर्ती दिसणार नाही. दिसेल तो पांढरा मुळा. भिंतीवर, कठड्यावर, कंदिलावर दोन मुळे एकमेकांत गुंतलेले कोरले आहेत, शेजारी पैशाची थैली. मुळे म्हणजे घरातला सलोखा, थैली म्हणजे भरभराट. दारात मुळे विकायला असतात, ते घेऊन लोक वाहतात. क्योतोत याच देवाच्या नैवेद्यातून आलेली ‘कांकिदान’ नावाची मिठाई मिळते: कणकेच्या पारीत सुगंधी मसाले घातलेलं डाळीचं गोड पुरण, पारी वर गोळा करून कमळाच्या आठ पाकळ्यांसारखी चिमटलेली, आणि तिळाच्या तेलात खरपूस तळलेली. गटातल्या एका काकूंनी ती तळहातावर घेतली, पाकळ्या मोजल्या, हुंगली आणि इतकंच म्हणाल्या, “तळणीचा मोदक.” मला काही सांगावं लागलं नाही.

निसर्गाबद्दल लिहायला घेतलं की लोक सरळ साकुराकडे, म्हणजे चेरीच्या बहराकडे, धावतात. तुम्ही नोव्हेंबरात जाताय, तुम्हाला साकुरा दिसणार नाही, आणि ते एका परीने बरंच आहे. साकुरा म्हणजे जपानी आत्मा, हे समीकरण मानतात तितकं जुनं नाही. आठव्या शतकातल्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहात उमे, म्हणजे जर्दाळूच्या जातकुळीतलं ते रानगंधी फूल, शंभराहून अधिक कवितांत आहे आणि साकुरा साधारण चाळीस. २०१९ला सुरू झालेल्या सध्याच्या ‘रेइवा’ या कालखंडाचं नावही त्याच संग्रहातल्या उमेच्या कवितांच्या प्रस्तावनेतून घेतलं आहे. साकुरासारखं क्षणात गळून पडावं, हे विसाव्या शतकात सैनिकांच्या मनावर बिंबवलं गेलं. १९४५मध्ये माणसासकट आदळणाऱ्या बॉम्बविमानाचं नाव ‘ओका’ होतं, म्हणजे साकुराचंच फूल. प्रतीक घडवलं जातं आणि वापरलंही जातं. हे माहीत असून साकुरा सुंदर वाटला तर तो खरा सुंदर.

तुम्हाला दिसेल तो मोमिजी, लाल झालेला मेपल. जपानी मनात ऋतूंच्या जोड्या ठरलेल्या आहेत. हानाफुदा या बारा महिन्यांच्या पत्त्यांत मोमिजीबरोबर हरीण येतं, पाइनबरोबर करकोचा. मोमिजी-हरणाची जोडी इतकी पक्की की हरणाच्या मांसाला खाणावळीत ‘मोमिजी’च म्हणतात. कमळाच्या नक्षीचं काही भेट म्हणून नेणार असाल तर नेऊ नका. तिथे कमळ म्हणजे बुद्ध आणि त्यामुळे अंत्यविधीही. पांढऱ्या शेवंतीचंही तेच.

नाराला एक दिवस जास्त काढता आला तर रेल्वेने मिवाला जा. ओमिवा जिन्जात गाभाराच नाही. समोरचा मिवा डोंगर, ४६७ मीटरचा, तोच देव. आपण तोरीतून डोंगराला नमस्कार करतो. आवारात एक जुना सुगी, म्हणजे जपानी देवदार, वृक्ष आहे, त्यात देवाचा साप राहतो असं मानतात. वृक्षापुढे लाकडी फळीवर कोंबडीची अंडी आणि साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, बाटल्या ओळीने ठेवलेल्या असतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाऊस होता. एक म्हातारे गृहस्थ पिशवीतून कागदात गुंडाळलेलं एकच अंडं काढून, पुसून, ठेवत होते. नागपंचमीला वारुळापाशी दूध ठेवणारी माझी आजी मला आठवली. डोंगर चढायचा तर नाव नोंदवून, गळ्यात पांढरी पट्टी घालून. वर फोटो काढायचे नाहीत, खायचं नाही.

अशा झाडाला, खडकाला जो भाताच्या काडाचा पिळलेला दोर बांधलेला असतो तो शिमेनावा, आणि त्याला लटकणाऱ्या कागदाच्या नागमोडी पट्ट्या म्हणजे शिदे. दोर बांधला म्हणून झाड देव होत नाही. इथे देव उतरतो, इथून पुढे हात लावू नका, एवढं तो दोर सांगतो. आपल्या देवराईत कोयती चालवत नाहीत, तीच ही हद्द. तिकडेही अशी देवस्थानाची राने आहेत, त्यांना ‘चिंजु नो मोरी’ म्हणतात. १९०६नंतर सरकारने छोटी जिन्जा एकत्र करायला घेतली तेव्हा अनेक राने तुटली. निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसू त्याविरुद्ध लढले आणि १९१०मध्ये त्यांना अठरा दिवस कोठडीतही काढावे लागले.

इसे हे मोठं जिन्जा तुमच्या बेतात नाही, तरी एवढं सांगते. तिथलं मुख्य देवालय दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तसंच्या तसं नवं बांधतात. पहिल्यांदा ६९०मध्ये, बासष्टाव्यांदा २०१३मध्ये, पुढचं २०३३मध्ये. जुन्या देवालयाच्या आढ्याचा भार पेलणारे मोठे खांब मग उजी पुलाच्या दोन टोकांना तोरी म्हणून उभे राहतात. लाकूड निवृत्त होतं ते वेशीवर.

तोक्योत शेवटच्या दिवशी मेइजी जिंगू ठेवा. ते सत्तर हेक्टरचं घनदाट रान नैसर्गिक वाटतं, पण ते माणसांनी लावलेलं आहे. देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडं, स्थापना १९२०ची. त्या वेळचे पंतप्रधान ओकुमा यांना इसे-निक्कोसारखी उंच सुगीची राई हवी होती. होंदा सेइरोकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाम नकार दिला: तोक्योच्या मातीत, धुरात सुगी टिकणार नाही. त्यांनी कापूर, ओक अशी रुंद पानांची सदाहरित झाडं निवडली आणि पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत कोणती झाडं मरतील आणि कोणती वर येतील याची चित्रंसुद्धा काढून ठेवली. दाट रानात बी आपोआप पडावं, माणसाने हात घालू नये, अशी योजना.

तिथे सकाळीच जा. हे जिन्जा सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं, नोव्हेंबरात म्हणजे दुपारी चारनंतर लगेचच. खडीच्या रुंद वाटेवर हातभर रुंदीचे झाडू घेऊन माणसं पानं लोटताना दिसतील. वडिलांना म्हणावं, जरा थांबून बघा ती पानं कुठे नेतात. गाडीत भरत नाहीत. वाटेवरची पानं गोळा करून पुन्हा झाडांच्या मुळाशी टाकतात.